जंगलातली झिपलाईन : जाऊबाईंसोबत जाऊन आले, घरातलं माणूस सोबत न्यायचं असेल तर वाचा

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर दांडेलीला जाऊन आले, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघीच. तिथं जंगलात झिपलाईनची, म्हणजे ताणलेल्या तारेला पुलीनं लटकून झाडावरून झाडावर घसरत जायची, गाईडेड टूर असते ती केली, अर्धा दिवस. जायच्या आधी मराठीत कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही, सगळीकडं नुसते व्हिडिओ, त्यात किंचाळणं आणि वरून लावलेलं गाणं, बाकी काहीच कळत नाही, म्हणून सविस्तर लिहायलेय. विशेष करून सोबत घरातलं माणूस नेणाऱ्यांसाठी. लोक दोर केवढा, उंची किती, पैसे किती हे विचारतात, पण सोबत नेलेल्या माणसाला मधेच नको वाटलं तर काय, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते तेच पहिलं विचारायचं.

जाऊबाई बावन्न वर्षांच्या. अंबाजोगाई तालुक्यात आमचं गाव, शेती त्याच बघतात. सोयाबीन निघालं, हरभरा-ज्वारी पेरून झाली की मधे थोडी उसंत असते. मी लातूरला नोकरीला. माझ्या मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघून त्या म्हणल्या, "हे मला करायचंय, तू चल." घरात कुणाला खरं वाटंना. पण लहानपणी चिंचेच्या शेंड्यावर जाऊन बसणारी बाई ती, उंचीचं भ्या नाही हे मला माहीत होतं. लातूरहून सोलापूर, सोलापूरहून विजयपूर-गदगमार्गे हुबळीला रेल्वे, पुढं धारवाडहून बस. प्रवास लांबचा आहे पण दोघी असल्यावर कळत नाही.

टूर कशी असते ते सांगते. आमच्या गटात आठ जण आणि गाईड दोन. एक गाईड आधी पलीकडं जातो आणि येणाऱ्याला झेलतो, दुसरा मागं थांबून एकेकाला सोडतो. सुरुवातीला जमिनीवरच हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट, हातमोजे घालून डोक्याएवढ्या उंचीवर बांधलेल्या एका छोट्या तारेवर सराव करून घेतात. पाय कसे घ्यायचे, कधी हात दाबून वेग कमी करायचा, पलीकडचा गाईड हात वर करून कुठली खूण करतो. मग खरी वाट सुरू होते. पहिल्या लाईन्स लहान, मधे एक दोरीचा झुलता पूल, आणि शेवटची सगळ्यात लांब, ओढ्याच्या वरून. झाडाच्या बुंध्याभोवती फळ्यांचा गोल माचा, त्यावर एका वेळी गाईड सोडून तिघांपेक्षा जास्त माणसं नाहीत. आणि माच्यावर उभं असतानासुद्धा तुम्ही झाडाला अडकवलेलेच असता, मोकळं कधीच नाही. हे मला सगळ्यात आवडलं. मी गाईडला विचारलं झाडाला खिळे ठोकलेत का, तर त्यानं वाकून दाखवलं, बुंध्याला चारी बाजूंनी लाकडी ठोकळे दाबून बसवलेले आणि त्यावर माच्याचा भार. झाड जाड होत जातं तसतसे बोल्ट ढिले करत राहायचे, नाहीतर दोर सालीत रुततो आणि झाडच मरतं, म्हणला.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या माच्यावर जाऊबाई थांबल्या. पहिल्या दोन लाईन्स त्यांनी हसत केल्या होत्या. तिसरीचा पलीकडचा माचा पानांआड होता, दिसत नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि पाऊल उचलेना. मागं मी आणि एक कॉलेजची मुलगी. ती मुलगी "आंटी कुछ नही होता" चालू झाली, आणि माझ्याही तोंडावर आलं होतं की जाऊबाई जा की वो, पण गाईडनं मला नजरेनंच गप्प केलं. तो खाली फळीवर बसला. त्यांनाही बसवलं. कुणी काही बोलेना. समोरच्या झाडावर एक शेकरू होतं, शेपूट खाली सोडून फांदीवर आडवं पडलेलं, आम्ही तेच बघत बसलो. थोड्या वेळानं जाऊबाईंनी त्याला विचारलं, "मी नाही म्हणलं तर इथून उतरता येतंय का?"

तो लगेच हो म्हणला आणि नुसतं हो म्हणून थांबला नाही. झाडामागं एक पिशवी टांगलेली होती, त्यातला दोर काढून दाखवला, तो कुठं अडकतो, कसं सावकाश खाली सोडतात, खाली कुठली पायवाट परत ऑफिसकडं जाते, सगळं. पैशाचं काय तेही सांगितलं. जाऊबाईंनी दोर हातात घेऊन बघितला, पीळ बघितला, जसा विहिरीचा सोल बघावा तसा. मग उठल्या आणि गेल्या. पुढच्या सगळ्या लाईन्स केल्या, ओढ्यावरची पण.

खाली उतरायची वाट आहे हे कळल्यावरच त्यांचं पाऊल उचललं, असं माझं पक्कं मत झालंय. आपल्याकडं आग्रह लई. जेवायला आग्रह, थांबायला आग्रह. पण माणूस त्या फळीच्या कडेला उभा असतो तेव्हा आग्रह करू नये. तो पलीकडं एकटाच जाणार असतो, तुम्ही तारेवर त्याच्या सोबत नसता. त्याचा हो त्याचाच असू द्यावा.

माझे दोन प्रश्न. तुम्ही कुणाला घेऊन गेलात, कसं झालं? आणि आपल्या मराठवाड्यात असं काही होऊ शकेल का, म्हैसमाळ, गौताळा, येडशी कुठंही?

गोदाकाठ_परभणी

वा ताई, लई छान लिहिलं. माझं वजन १०४ आहे आणि सोबत भाचा न्यायचाय त्याचं ३४. दोघांनाही सोडतील का? आणि जड माणसाला जास्त धोका असतो का हो?

बालाघाटची_लेक

दादा, आम्ही गेलो तिथं ३५ ते ११० किलो होतं, काट्यावर उभं करून वजन घेतात, तोंडी सांगितलेलं चालत नाही. प्रत्येक ठिकाणची मर्यादा वेगळी असते, फोनवर आधी विचारा. कमी वजनाच्या मुलांना गाईड स्वतःसोबत जोडीनं नेतो असंही तिथं होतं.

हलक्या माणसाला वेगळाच त्रास होतो बरंका. ते मधेच थांबतात, पलीकडं पोचतच नाहीत. आमच्यातली ती कॉलेजची मुलगी लांबच्या लाईनवर थांबली, माचा थोडा पुढं राहिला आणि ती हळूहळू मागं घसरायला लागली. पण सरावात शिकवलेलं असतं, पाठ माच्याकडं करायची आणि एकापुढं एक हात टाकत तार ओढत मागं मागं जायचं. ती तशी थोडी आली, बाकी गाईड तारेवर येऊन तिला घेऊन गेला. तिला काही झालं नाही, दंड दुखले एवढंच.

जालन्याचा_पोलादवाला

१०४ वाल्या दादांसाठी. मी रोलिंग मिलमधे मेंटेनन्सला आहे, क्रेनचा वायर रोप हे आमचं रोजचं काम, त्यामुळं तारेबद्दल सांगतो, बाकी झिपलाईनचा अनुभव नाही.

१२ मिलीमीटरचा चांगला पोलादी दोर तुटायला आठ-नऊ टनांच्या आसपास ताण लागतो. म्हणून लोकांना वाटतं माणसाचं वजन म्हणजे त्याला काहीच नाही. पण तारेवर तुमचं वजन जेवढं तेवढाच ताण येत नाही, तो कितीतरी पटीनं येतो, आणि किती पट ते झोळावर ठरतं. समजा दोन झाडांत १०० मीटर अंतर आहे आणि मधोमध माणूस असताना तार ५ मीटर खाली झुकते, तर ताण वजनाच्या पाचपट. १०४ चा माणूस म्हणजे पाचशेवर किलो. आता कुणी तार ताणून ताणून झोळ २ मीटरवर आणला तर तोच ताण साडेबारा पट, म्हणजे १३०० किलो. आणि तो ताण दोन्हीकडच्या झाडांवर, बोल्टवर, क्लॅम्पवर सगळ्यांवर येतो. म्हणून तार बघून "काय टाइट आहे, मजबूत दिसते" म्हणणं चूक आहे. झोळ असलेली तार चांगली. झोळामुळंच शेवटाला वेग आपोआप कमी होतो, तार तिथं वर चढते ना.

दुसरं, टोकाला तार वळवून जिथं यू क्लॅम्प लावतात ते बघा. क्लॅम्पचा जाड बूड भाग भाराच्या तारेवर पाहिजे आणि यू चा वाकलेला गज मोकळ्या शेपटावर. उलटा लावला तर गज भाराच्या तारेलाच चेचतो. आणि किमान तीन तरी क्लॅम्प, एकाच दिशेनं. वळणाच्या आत थिंबल, म्हणजे तार चेपू नये म्हणून बसवायची धातूची खोबण, हवंच. मी कुठल्याही जत्रेत पाळणा बघितला तरी आधी हेच बघतो. तारेतून तुटलेल्या बारीक तारा काट्यासारख्या बाहेर आलेल्या दिसल्या तर त्या लाईनवर जाऊ नका, कुणी काहीही सांगो.

जड माणूस तारेला जड नाही, तार त्याच हिशोबानं लावलेली असते. पण तो पलीकडं जास्त वेगानं पोचतो, हवेचा अडथळा त्याला त्या मानानं कमी पडतो. म्हणून वजनाची वरची मर्यादा ब्रेकसाठी पण असते. ११० लिहिलं असेल तर ११० च. खिशात मोबाईल, पाण्याची बाटली धरून मोजा.

गोदाकाठ_परभणी

हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. धन्यवाद दादा. आधी वजनच कमी करतो थोडं.

तेरणाकाठ

माझा अनुभव वाईट आहे. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. थंड हवेच्या एका गावी फॅमिलीला घेऊन गेलो होतो, मुलगा नऊ वर्षांचा. पॉइंटवर एकच लांब तार, खाली दरी, आणि ही रांग. सराव वगैरे काही नाही. पट्टा घातला, एक हुक अडकवला, ढकलला, पुढचा. हातमोजे मागितले तर म्हणे लागत नाहीत. माझ्या मुलाच्या मांडीचा पट्टा इतका सैल होता की माझी मूठ जायची त्यातून. मी म्हणलं थांबा, दुसरा द्या, तर मागचे लोक ओरडायले, पट्टा लावणारा पोरगा पण चिडला, "साहेब रोज पाचशे लोक जातात." मुलगा माझ्याकडं बघू लागला. मी त्याला उचलून बाहेर आलो. पैसे परत दिले नाहीत, जाऊ द्या. पण रांगेतल्या एकानंही म्हणलं नाही की बरोबर केलं, उलट घाबरट म्हणले. त्या दिवसापासून झिपलाईन शब्द घरात कुणी काढत नाही. ताईंचं वाचून पहिल्यांदा वाटलं की नीट पण असते.

दोर_आणि_डोंगर

तेरणाकाठ, एकदम बरोबर केलंत तुम्ही. मी संभाजीनगरला आहे, गिर्यारोहण करतो, रेस्क्यूची ट्रेनिंग झालेली आहे. तुम्ही जे सांगितलं त्यातली प्रत्येक गोष्ट परत फिरण्यासारखी होती.

सगळ्यांसाठी थोडं लिहितो. हार्नेसमधून दोन पट्ट्या निघाल्या पाहिजेत, दोन वेगळे कॅराबिनर (अडकवायच्या धातूच्या कड्या). एक पुलीला आणि दुसरा तारेवर किंवा दुसऱ्या सुरक्षा तारेवर. माच्यावर बदलताना एक काढला, लावला, मग दुसरा काढायचा, दोन्ही एकदम कधीच मोकळे नाही. कॅराबिनरला लॉक पाहिजे, फिरवायचं किंवा आपोआप लागणारं. नुसता स्प्रिंगचा हुक ही किल्ल्या लटकवायची वस्तू आहे. हार्नेस कापडी असतो, उन्हानं पावसानं तो म्हातारा होतो, शिलाईचा धागा पिसारलाय का, पट्ट्याचा रंग उडून पांढरा झालाय का बघा. आत एक लेबल असतं त्यावर बनवल्याचं वर्ष असतं, दहा वर्षांपेक्षा जुना असेल तर घालू नका. लेबलच नसेल तर प्रश्नच मिटला. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ जाऊ नये.

हातमोजा चामड्याचा, तळव्यावर जाड थर असलेला. हातानं ब्रेक लावायची पद्धत असेल तिथं हात तारेवर पुलीच्या मागं ठेवायचा, पुढं कधीही नाही. पुढं ठेवला की पुली बोटांवरून जाते. घाबरलेला माणूस नेमकी पुढची तार पकडतो, म्हणून सराव लागतो, आणि म्हणूनच ज्या ठिकाणी सराव नाही तिथं जायचंच नाही. काही ठिकाणी हाताचा ब्रेक नसतो, पलीकडं स्प्रिंग किंवा दोराची यंत्रणा असते, तिथं हात तारेला लावूच देत नाहीत. दोन्ही पद्धती ठीक, पण कुठली आहे ते आधी कळलं पाहिजे.

आणि आपल्या राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मधे आलंय. जमीन, पाणी, हवा तिन्हीतले खेळ त्यात येतात, चालवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात कुठंही गेलात तर नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका.

ताईंच्या एका गोष्टीवर मात्र माझं वेगळं मत आहे. सोबतचा माणूस मागं थांबला. मी असतो तर आधी पलीकडं गेलो असतो. घाबरलेल्या माणसाला पलीकडं ओळखीचा चेहरा दिसला की पाऊल उचलतं, हे मी कित्येकदा बघितलंय.

बालाघाटची_लेक

दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण तिसऱ्या माच्यावरून पलीकडचं काहीच दिसत नव्हतं, मी तिकडं गेले असते तरी त्यांना पानंच दिसली असती. आणि मी पलीकडून हाका मारल्या असत्या, मी स्वतःला ओळखून आहे. परत एक गोष्ट, मी पुढं गेले असते तर त्यांना थांबायचं असतं तरी माझ्यासाठी म्हणून आल्या असत्या. आमच्या जाऊबाई दुसऱ्यासाठी काहीही करतील. मला ते नको होतं.

दोर_आणि_डोंगर

हे पटलं. माणूस बघून ठरवावं लागेल. फक्त घाबरणाऱ्याला गटात सगळ्यात शेवटी ठेवू नये, एवढं नक्की. शेवटचा माणूस माच्यावर गाईडसोबत एकटा उरतो, वाट बघून बघून भीती वाढते. मधे ठेवा.

किनवटची_सून

ताई मला साध्या गोष्टी विचारायच्यात. माझ्या मामी, म्हणजे सासूबाई, त्या पण म्हणायल्यात जाऊ म्हणून. त्या कायम साडीत. साडीवर हार्नेस होतो का? मंगळसूत्र, बांगड्या, अंबाडा याचं काय करायचं? आणि बीपीची गोळी चालू आहे.

बालाघाटची_लेक

साडी नाही चालत ताई. पट्टे मांडीच्या मधून वर येतात, साडी गोळा होते आणि पदर पुलीत जायची भीती. जाऊबाईंनी माझी ट्रॅकपॅन्ट आणि त्यांचाच एक लांब कुर्ता घातला. आधी लाजल्या, मग तिथं सगळेच तसे आहेत बघून विसरून गेल्या. ओढणी अजिबात नाही. बूट मागून बंद असलेले, चप्पल सँडल सोडत नाहीत.

मंगळसूत्र कुर्त्याच्या आत टाकून सेफ्टी पिनेनं आतल्या बाजूनं लावलं. बांगड्या काढायला त्या तयार नव्हत्या, हिरवा चुडा होता काचेचा. गाईडकडं बहुतेक असे लोक येत असावेत, त्यानं काही वाद घातला नाही. बांगड्या कोपराकडं वर सरकवल्या, वरून सुती रुमाल दोन वेढे घट्ट गुंडाळला, त्यावर कुर्त्याची बाही आणि मग हातमोजा. एकही फुटली नाही. पण खरं सांगू का, काढता येत असतील तर काढून जाव्या, काच ती काच. केसांचा अंबाडा हेल्मेटमधे बसत नाही, वेणी घालून कुर्त्याच्या आत पाठीकडं सोडायची. मोकळे केस हे सगळ्यात वाईट, पुलीजवळ डोकं येतं तेव्हा ओढले जातात.

बीपीबद्दल डॉक्टरांना विचारा, मी सांगणार नाही. आम्हाला फॉर्म भरायला दिला होता त्यात हृदयाचा त्रास, पाठीचं-मणक्याचं ऑपरेशन, खांदा निखळलेला, गरोदरपण असं सगळं विचारलं होतं. खरं लिहा. आणि चालणं पण असतं बरंका, पहिल्या माच्यापर्यंत चढ आहे, शिडी आहे. जाऊबाईंचे गुडघे तारेवर नाही दुखले, त्या चढावर दुखले.

कन्नड_घाट

गौताळ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो, मी कन्नडचा. गौताळा-औट्रम घाट अभयारण्य १९८६ चं आहे, साधारण २६० चौरस किलोमीटर, थोडं आपल्या जिल्ह्यात थोडं जळगावात. तिथं झिपलाईन? मनापासून सांगतो, मला नको. एक तर अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा लागू, कुणी उठून खांब रोवू शकत नाही आणि ते चांगलंच आहे. २०२१ मधे यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून वाघ चालत आला गौताळ्यात, कॅमेऱ्यात सापडला, आम्हाला केवढा आनंद झाला होता. इथं वाघ बघितलेली पिढीच संपली होती. आता तिथं तारा बांधून दिवसभर आरडाओरडा करायचा का?

मांजरा_तीर

दादा भावना कळते, पण कन्नडच्या, सिल्लोडच्या पोरांना काम पाहिजे ना. दांडेलीत ते दोन गाईड तिथल्याच गावचे असतील. आपली पोरं पुण्याला कंपनीत बारा तास उभी राहायलीत. आणि अभयारण्याच्या आतच कशाला, बाहेर म्हैसमाळला करा, ते हजारवर मीटर उंच आहे, पावसाळ्यात गर्दी असतेच.

कन्नड_घाट

म्हैसमाळला माझा विरोध नाही. पण गर्दी वाढवणारं नको, ताई म्हणल्या तसं आठ माणसं दोन गाईड असं असेल तर चालेल. आणि पोरांचं म्हणाल तर पितळखोरे लेणी, अंतूर किल्ला, पाटणादेवी एवढं पडलंय, चांगले वाटाडे तयार करा, कामाला कमी नाही.

निसर्गाचे_गुरुजी

मी विज्ञान शिकवतो, हिंगोली जिल्ह्यात. या वादात एक मुद्दा झाडांचा. झाडावरून झाडावर जाणारी टूर ज्या जंगलात सुरू झाली ती जंगलं वेगळी. कोस्टा रिकात १९७० च्या दशकात जीवशास्त्रज्ञ वर्षावनाच्या शेंड्यात काय चाललंय ते बघायला दोर लावून झाडावर चढायला लागले, कारण तिथलं बरंचसं जीवन खाली नाहीच, वरच आहे. पुढं नव्वदच्या दशकात त्यावरून पर्यटकांच्या टूर निघाल्या. दांडेलीचं जंगल पण उंच, काळी नदीचं पाणी, ऐन, किंजळ, साग, बांबू. वर छत एकमेकांत मिसळलेलं, म्हणून तर शेकरू राहतं. ते जमिनीवर क्वचित उतरतं, फांदीवरून फांदीवरच जातं, त्याला सलग छत लागतं.

आपलं जंगल कोरडं पानगळीचं. धावडा, सालई, पळस, खैर, अंजन. झाडं बुटकी, बुंधे बारीक, मार्चपासून निष्पर्ण. माचा बांधावा असा बुंधा किती ठिकाणी सापडेल? म्हणजे लोखंडी खांब उभे करावे लागणार आणि वरून खाली दिसणार ती तापलेली काळी दगडं. ते जंगलातून जाणं होणार नाही, नुसती दरी ओलांडणं होईल. आपलं जंगल पायी बघायचं जंगल आहे. पळस फुलला की येडशीच्या रामलिंग घाटात पायी हिंडा, त्याची सर कशालाच नाही. तिथंही २०२४ च्या शेवटाला वाघ आलाय, त्यामुळं आता वनविभाग म्हणेल त्याच वाटेनं.

मांजरा_तीर

गुरुजी, झाडांचं पटलं. पण म्हैसमाळच्या दरीवर खांबाची चांगली एक लाईन झाली तरी चालेल की. तिथं पुरेसे गाईड, सराव, नोंदणी सगळं असलं म्हणजे झालं. तेरणाकाठ भाऊंसारखा अनुभव येऊ नये एवढंच.

बालाघाटची_लेक

गुरुजी, पायी हिंडायचं आवडलं, जाऊबाईंना सांगते. पण एक सांगू का, तुम्ही जे छत म्हणलात ते खालून कितीही हिंडलं तरी दिसत नाही. त्या माच्यावर बसल्यावर धनेश पक्ष्यांची जोडी डोक्यावरून गेली, पंखांचा आवाज एवढा मोठा, जणू कुणी जोरात कापड झटकायलंय. गाईडनं सांगितलं की मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, फट तेवढी ठेवते आणि पिलं मोठी होईपर्यंत नर बाहेरून भरवतो. जाऊबाईंनी त्याला इतके प्रश्न विचारले, ढोली कुठल्या झाडाला, फळं कुठली, झाडं तोडली तर ते कुठं जातात. तो पण खूष झाला. बाकीचे व्हिडिओ काढण्यात होते. मला वाटतं त्या दिवशी त्या जंगलाचं सगळ्यात जास्त कुणी घेतलं असेल तर त्यांनी. म्हणून म्हणते, घरातल्या बायांना न्या. त्या विचारतात.

तेरणाकाठ

ताई, मुलाला तुमची पोस्ट वाचून दाखवली. तो म्हणतोय शेकरू बघायचंय, तार नको. मी म्हणलं चालेल.

बालाघाटची_लेक

अगदी चालेल दादा. भीमाशंकरला जा, तिथं शेकरूसाठीच अभयारण्य आहे. सकाळी लवकर, आणि आवाज न करता.

दोर_आणि_डोंगर

अजून एक राहिलं. हवामान. विजा चमकायल्या, वारा सुटला की टूर थांबली पाहिजे, उंच झाड आणि पोलादी तार दोन्ही विजेला आवडतात. आपल्याकडून लोक एवढे लांब जातात, पैसे भरलेले असतात, मग गाईडच्या मागं लागतात की चालू करा हो, थोडाच पाऊस आहे. असं करू नका. त्यानं थांब म्हणलं की थांबायचं. ऑक्टोबर सुरुवातीला आणि एप्रिल-मेमधे दुपारनंतर वळीव असतो तिकडं, सकाळची वेळ घ्या. आणि रोज सकाळी पहिली फेरी गाईडनं स्वतः मारलेली असली पाहिजे, हे पण विचारा.

किनवटची_सून

ताई, दादा, दोन ठिकाणी फोन केला. पहिल्याला विचारलं मधून उतरायचं असेल तर कसं, तर तो हसला, म्हणे मॅडम तशी वेळच येत नाही, सगळे जातात. दुसऱ्यानं सांगितलं की प्रत्येक माच्यावर उतरवायचा दोर आहे आणि एका ठिकाणी शिडी, पण अर्धे पैसे परत मिळणार नाहीत. पहिला स्वस्त आहे आणि त्याचे फोटो लई भारी आहेत. मामी म्हणायल्यात दुसरा.

बालाघाटची_लेक

मामींचं बरोबर आहे. दुसऱ्याकडंच जा. सकाळची वेळ घ्या, मामींना मधे ठेवा, आणि रुमाल सुती न्या.